'कंदील'च्या नळांवरची पांढरी चादर

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
सार्वजनिक सभास्थान नोंदणी शाखा,
काउंटी कौन्सिल कार्यालय.

अर्जदार : डॉ. लव्हडे ट्रेगीर, निवृत्त अध्यापिका (भूशास्त्र),
चॅपल गल्ली, मु. कार्नविडन, कॉर्नवॉल.

विषय : कार्नविडन येथील 'कंदील' या पबचे मागील दालन सभास्थानांच्या यादीतून वगळण्याच्या निर्णयाचा फेरविचार होणेबाबत, आणि त्यासाठी येत्या सभेस आपला प्रतिनिधी पाठवणेबाबत.

संदर्भ : १) आपले जानेवारीचे पत्र. २) आपले पाहणी अधिकारी श्री. लँग्टन यांचा अहवाल. ३) माझे यापूर्वीचे अर्ज व त्यांवरील आपली उत्तरे.

महोदय,

१. सविनय सादर करते की, संदर्भ क्र. १ अन्वये आपण कळवले आहे की 'कंदील' पबच्या मागील दालनात नजीकच्या काळात सार्वजनिक सभा झाल्याचा कोणताही पुरावा आढळला नाही; सबब ते दालन यादीतून वगळण्यात येत आहे. यादीतून नाव गेले की नव्या मालकांना तिथे सुट्टीसाठी भाड्याने देण्याची घरे बांधायला मोकळीक मिळेल. मार्चअखेर काम सुरू होणार असल्याची पाटी दारावर लागली आहे. आमच्या गावात आता दुसरी बसायची जागा उरलेली नाही. आमचे प्रार्थनामंदिर, म्हणजे चॅपल, त्याचे पूर्वीच पर्यटकांसाठी दोन फ्लॅट झाले. शाळेच्या पटांगणाखालची जुनी खाण खचली, तेव्हापासून शाळेला कुलूप आहे.

२. श्री. लँग्टन यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच नमूद करते. ते सभ्य गृहस्थ आहेत. पावसात घरोघर फिरले, प्रत्येक दारात बूट पुसले, आणि प्रत्येकाला एकच सरळ प्रश्न विचारला : "तुम्ही 'कंदील'मध्ये कधी गावच्या सभेला बसला आहात का?" सगळ्यांनी "नाही" म्हणून सांगितले. त्यांनी तेच लिहिले. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिले असते.

अडचण अशी आहे की ज्यांनी "नाही" म्हटले ते सगळे त्या सभांना बसले होते. मीही होते.

३. हे आपल्याला खोटेपणाचे वाटेल, म्हणून तपशील देते. चॅपलमध्ये चाळीस वर्षे ऑर्गन वाजवलेल्या केझाया रॉस्किली यांनी श्री. लँग्टन यांना आत बोलावले, चहा दिला, केशराचा बन पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "सभा? कसली सभा? थंडीत फिरताय बिचारे, अजून एक घ्या." श्री. लँग्टन यांनी प्रश्न पुन्हा विचारला. "बनला लोणी लावू का?" असे उत्तर मिळाले.

माझे मामा पास्को हॉकिंग चॅपलचे ज्येष्ठ पंच होते. वयाच्या नवव्या वर्षी त्यांनी दारूला न शिवण्याची शपथ घेतली आणि आज नव्वदीतही ती पाळतात. ते म्हणाले, "गुत्त्यात? मी? साहेब, तुम्हाला कुणी पाठवलं? माझ्या आईचा आत्मा वर तळमळेल हो!"

यावर आपण म्हणाल, दारू निषिद्ध मानणारे चॅपलचे लोक असेच बोलणार. पण जेगो नॅन्स रोज संध्याकाळी 'कंदील'च्या त्याच खुर्चीत बसतो. त्याला पबमध्ये बसल्याची लाज नाही, उलट अभिमान आहे. तोही म्हणाला, "मी रोज येतो साहेब, रोज. बायकोला विचारा, ती तर रडतेच. पण सभा? नाही बुवा, सभा कधी बघितली नाही."

जेगो गेल्या सभेत माझ्या शेजारी बसला होता. त्याच्या कोपराने माझा चष्मा पडला होता.

४. ही माणसे आपल्याच पायावर धोंडा का पाडून घेतात, हे समजण्यासाठी त्या दालनातला रिवाज सांगणे भाग आहे. आजवर तो कोणीही कागदावर मांडलेला नाही. मी मांडत आहे, याचे परिणाम मला माहीत आहेत. ते शेवटी लिहिते.

माझे पणजोबा खाणीत उतरताना पाळण्याचा दोर तुटून गेले. त्या काळी गावात मोठे टेबल आणि शेकोटी असलेली एकच खोली होती, ती 'कंदील'ची. म्हणून मृत्यूची चौकशी तिथेच बसली. प्रेत टेबलावर ठेवले होते. चॅपलच्या बायकांनी आणलेली पांढरी चादर त्यावर होती. पंच म्हणून बसवलेले सगळे खाणकामगारच. समोर खाणीचा मुकादम बसला होता, प्रत्येकाचे तोंड बघत. दोर कुजका होता हे सगळ्यांना ठाऊक होते. जो ते बोलेल त्याला दुसऱ्या दिवशी काम नव्हते. चौकशी करणारे साहेब थांबून राहिले. कोणी बोलेना.

तेव्हा पबच्या मालकिणीने प्रेत दफनाला नेल्यावर तीच चादर बिअरच्या नळांवर टाकली, चादरीखाली एक रिकामा जग ठेवला आणि टेबलावर प्रत्येकापुढे दोन खडे ठेवले : दोर कुजका असे म्हणायला पांढरी गारगोटी, नव्हता म्हणायला पाटीच्या दगडाचा काळा तुकडा. ती म्हणाली म्हणतात, "बाप्यांनो, हात चादरीखाली घाला. वर कोण बघतंय?" जग रिकामा केला तेव्हा आत बहुतेक गारगोट्याच होत्या. निकाल लिहिला गेला : दोर कुजका होता. कोणी काय टाकले हे मुकादमाला कळले नाही. कोणाचे काम गेले नाही.

ही हकीकत तोंडी चालत आलेली आहे. तिला लेखी आधार नाही. चौकशीची कागदपत्रे काउंटीच्या दप्तरातल्या ओलीने गेली, असे आपल्याच शाखेने मला कळवले आहे. शिवाय आपण असेही कळवले आहे की मृत्यूची चौकशी ही सार्वजनिक सभा धरता येत नाही, आणि धरली तरी ती नजीकच्या काळातली नाही. दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत.

५. तेव्हापासून गावाला काही अवघड ठरवायचे असेल की मालकीण नळांवर चादर घालते. चादर आहे तोवर कोणी पीत नाही. म्हणून चॅपलची माणसे येऊ शकतात. ती मागच्या गल्लीच्या दाराने येतात, पबच्या पुढच्या भागात पाऊल टाकत नाहीत. बोलणे होते, भांडणे होतात, मग हात चादरीखाली जातात. चादर काढली की सभा संपली. आणि चादर काढल्यावर कोण बसले होते, कोण काय बोलले, सभा झाली की नाही, हे कोणी कोणाला सांगत नाही. नवऱ्याला बायको सांगत नाही. पिणारे सांगत नाहीत, न पिणारेही नाहीत. जो सांगेल त्याला पुढे कधीच सभेला बसता येत नाही. लहानपणी मला वाटायचे, हे सगळे चॅपलच्या माणसांची अब्रू झाकायला आहे. तेवढेच नाही, हे मला फार उशिरा कळले.

६. आता मी सादर केलेल्या पुराव्यांबद्दल. माझे शिक्षण दगडांचे आहे, म्हणून मी प्रथम दगडाचा पुरावा दिला. गल्लीच्या दाराचा उंबरठा पाटीच्या दगडाचा आहे. पबच्या मुख्य दाराचा उंबरठा त्याच खाणीतला, त्याच थराचा. रोजची ये-जा मुख्य दाराने होते. गल्लीचे दार एरवी आतून अडसर लावून बंद असते. तरीही गल्लीच्या उंबरठ्याला मधोमध खोलगट झीज आहे. मी दोन्हींचे छेद, म्हणजे मधोमध कापल्यासारखी रेखाचित्रे, काढून पाठवले. आपल्या शाखेचे उत्तर आले : "झीज पायांनी झाली हे मान्य. ते पाय सभेला चालले होते, हे दगड सांगत नाही."

महोदय, हे उत्तर बरोबर आहे. माझ्या विद्यार्थ्याने असा निष्कर्ष काढला असता तर मीही वहीत हेच लिहिले असते. त्यामुळे मला राग आला नाही. झोप मात्र आली नाही.

७. मग मी छायाचित्रे दिली. गेल्या सभेत माझ्या भाच्याने, रिवाज माहीत नसल्याने, खिडकीतून एक फोटो काढला होता. त्यात टेबलाभोवती माणसे बसली आहेत, सगळी गंभीर, कोणाच्या हातात पेला नाही, मागे पांढरी चादर आहे. आपण कळवले : "या छायाचित्रात बिअरचे नळ, पेले अथवा पबची कोणतीही खूण दिसत नाही. हे ठिकाण 'कंदील' असल्याचे सिद्ध होत नाही."

म्हणून मी दुसरा फोटो पाठवला, त्याच खोलीचा, चादर काढल्यावरचा. त्यात नळ आहेत, पेले आहेत, जेगो नॅन्स हसतो आहे. आपण कळवले : "हे ठिकाण 'कंदील' आहे हे मान्य. परंतु उपस्थित मंडळी मद्यपान करीत असल्याने ही सार्वजनिक सभा असल्याचे दिसून येत नाही."

मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. टेबलावरचा भाजल्याचा डाग दोन्हींत एकच आहे. तो मी लाल वर्तुळाने दाखवला. आपण कळवले की छायाचित्रावर खाडाखोड केलेली असल्याने ते स्वीकारता येत नाही.

८. याच पत्रात आपण एक पर्यायही सुचवला आहे, त्याबद्दल आभारी आहे. गावाने संगणकावर सभा घ्यावी, प्रत्येकाने आपल्या नावासह मत नोंदवावे, म्हणजे कायमची नोंद राहील आणि पुढे पुराव्याचा प्रश्नच येणार नाही.

आमच्या गावाला नेमके हेच करता येत नाही, हे मी कोणत्या शब्दांत लिहू ते मला कळत नाही. म्हणून घडलेले सांगते.

९. शाळेचे पटांगण खचल्यावर काउंटीच्या अभियंत्यांनी आमच्या खालच्या जमिनीची तपासणी केली. मी त्यांच्याबरोबर होते. घरांच्या दोन रांगांखाली जुनी पोकळी निघाली. आधार देण्याचे काम एका वेळी एकाच रांगेचे होणार होते, आणि ज्या रांगेचे काम आधी, ती रिकामी करायची. काहींना परत यायला मिळेल याचीही हमी नव्हती. कोणती रांग आधी, हे गावाने ठरवून सांगावे, असे कळवण्यात आले. अभियंत्यांना ते स्वतः ठरवायचे नव्हते. त्यांना दोष देत नाही.

नळांवर चादर आली. त्या सभेत मी नकाशा समजावून सांगितला आणि खाली बसले. पोकळीची खोली सांगता येते. शेजाऱ्याने घर सोडावे की मी, याला माप नाही. खूप आवाज झाले. मग एकेकाचा हात चादरीखाली गेला. निकाल खालच्या रांगेच्या विरुद्ध लागला. त्या रांगेत पास्कोमामांचे घर होते. ते तिथेच जन्मले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या रांगेतली सगळी माणसे खाली आली आणि कपाटे उचलू लागली. केझायाबाईंनी मामांची घड्याळे स्वतःच्या शालीत गुंडाळून नेली. जेगोने पलंग पाठीवर घेतला. ते घर पाडून आज तिथे कुंपण आहे.

हीच ती "नजीकच्या काळातील सार्वजनिक सभा" आहे. तिला फार दिवस झालेले नाहीत. आपल्याला हवा तो पुरावा हाच आहे आणि तो कोणीही देणार नाही.

१०. आपले जानेवारीचे पत्र घेऊन मी मामांकडे गेले. आता ते वरच्या रांगेत, केझायाबाईंच्या मागच्या खोलीत राहतात. मी म्हटले, "मामा, तुम्ही एकदा खरं सांगा. फक्त एकदा. नाहीतर खोली जाईल."

"गेली तर गेली."

"तुम्ही देवाला खोटं चालत नाही म्हणता."

"देवाने विचारलं तर सांगेन की. लँग्टन देव नाही." मग त्यांनी पाव उचलला. त्याला लोणी नीट लागले आहे का ते पाहिले. आणि म्हणाले, "पोरी, माझं घर कुणी रिकामं करायला लावलं, मला माहीत नाही. म्हणून मी अजून सगळ्यांकडे चहा पितो. आज मी त्या साहेबाला सांगितलं की मी तिथं होतो, की उद्या तो विचारणार, आणखी कोण होतं. परवा विचारणार, कोण कशाच्या बाजूने होतं. तुला शिकलेलीला एवढं कळत नाही?"

मला कळत होते. मी म्हटले, "पण दुसऱ्या रांगेचं अजून ठरायचंय. खोली नसेल तर हे कुठे ठरवणार?"

मामांनी पाव बशीत ठेवला. महोदय, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे असेल तर कृपया कळवावे. वरच्या रांगेचे काम आता सुरू व्हायचे आहे, आणि त्या रांगेतली कोणती घरे वाचवण्याचा प्रयत्न करायचा व कोणती सोडून द्यायची, हे गावाने मार्चमध्ये ठरवायचे आहे. केझायाबाईंचे घर त्यात आहे, मामांची खोली त्यात आहे. माझे घरही आहे. नावासह, संगणकावर, हात वर करून आम्ही हे ठरवले, तर घरे कदाचित वाचतील. गाव राहणार नाही.

मी निघाले तेव्हा मामा दारापर्यंत आले. "बोलणार नाही मी," ते म्हणाले. "पण बसेन. त्याला डोळे असतील तर बघू दे."

११. तेव्हा माझी विनंती अशी आहे. मार्च महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी 'कंदील'मध्ये चादर घातली जाईल. श्री. लँग्टन यांना त्या वेळी पाठवावे. त्यांनी गल्लीच्या दाराने यावे, भिंतीकडेच्या बाकावर बसावे आणि पाहावे. ते जे पाहतील ते त्यांनी स्वतःच्या नावाने लिहावे : खोली आहे, माणसे आहेत, विषय सार्वजनिक आहे, निर्णय झाला. इतके आपल्या नियमाला पुरेसे आहे; मी नियम वाचला आहे.

मात्र त्यांनी कोणालाही काहीही विचारू नये. नावे लिहू नयेत. चादरीखाली पाहू नये. इमारत नव्या मालकांकडे गेली तरी पब अजून चालवणाऱ्या मालकीणबाई मॉरवेना बॅसेट यांनी या अटींवर होकार दिला आहे, आणि तोही सहज नाही. त्यांचे शब्द असे होते : "परका माणूस चादर असताना आत? माझी आजी असती तर तिनं मलाच दाराबाहेर काढलं असतं. पण येऊ दे. भिंतीसारखा बसणार असेल तर भिंत समजू."

तोपर्यंत दालन यादीतून वगळण्याच्या निर्णयाला स्थगिती द्यावी आणि बांधकामाची परवानगी थांबवावी.

१२. शेवटचा मुद्दा माझ्याविषयी आहे. तो निर्णयाला उपयोगाचा नाही, पण अर्ज पूर्ण असावा म्हणून लिहिते. हा रिवाज कागदावर मांडल्यामुळे मला यापुढे चादरीच्या सभेला बसता येणार नाही. मॉरवेनाबाईंनी मला तसे स्पष्ट सांगितले. त्या रागावल्या नव्हत्या. नळ पुसत होत्या आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "लिही तू, लव्हडे. लिहायलाच हवं. पण मग शनिवारी तू बाहेर." माझे घर राहील की नाही हे माझ्याशिवाय ठरेल. हे योग्यच आहे. इतरांच्या बाबतीत ही अट मला नेहमीच योग्य वाटत आली. माझ्या बाबतीत वेगळे मोजमाप लावता येणार नाही.

श्री. लँग्टन यांना गल्ली सापडणे थोडे कठीण आहे. चॅपलच्या जागी फ्लॅट झाल्यापासून तिची पाटी काढली आहे. त्या दुपारी गल्लीच्या तोंडाशी छत्री घेतलेली एक बाई उभी असेल. तिला त्यांनी रस्ता विचारावा. एवढा एक प्रश्न चालेल. ती दार दाखवील.

चादर निघेपर्यंत बाहेर थांबून,
आपली उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
लव्हडे ट्रेगीर
कार्नविडन, दि. ११ फेब्रुवारी

सोबत :
१) दोन्ही उंबरठ्यांचे छेद (पूर्वी पाठवलेले, दुरुस्त करून).
२) दोन्ही छायाचित्रे, लाल वर्तुळाशिवाय.
३) घरांच्या दोन्ही रांगांखालील पोकळीचा नकाशा. श्री. लँग्टन यांनी बाकावर बसण्यापूर्वी तो पाहिल्यास चर्चा समजायला सोपी जाईल.
४) चादरीचे वेगळे छायाचित्र जोडलेले नाही. माझ्या भाच्यासारखा अजाण सोडला तर ते कोणी काढत नाही.